समोरच्या खुर्चीत कोणीतरी

खालच्या चौकात द्राक्षांच्या हातगाड्या लागायला लागल्या. गाडीवाला "नाशिक, नाशिक" असं ओरडत असतो. ती द्राक्षं सांगलीकडची असावीत असा माझा दाट संशय आहे, पण मी वाद घालत नाही. गावाच्या नावावर माल खपत असेल तर गावाला तेवढा मान मिळू द्यावा. मी अर्धा किलो घेते आणि पाटीच्या तळाशी सुटे मणी आहेत का ते विचारते. नाशिकला घडातून निसटलेले मणी वेगळे काढून स्वस्तात विकतात, आणि चवीला तेच जास्त गोड लागतात. पुण्यात हे कुणाला माहीत नाही. गाडीवाला मला चिकट बाई समजतो आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळतो.

यंदा द्राक्षांबरोबर आणखी एक हंगाम परत आलाय. मंदी. आमच्या कंपनीत एकेकाला काचेच्या खोलीत बोलावलं, मग मलाही बोलावलं. बोलणारे सगळे फार गोड बोलले. तेव्हापासून रोज सकाळी मी जेवणाच्या टेबलाशी बसते आणि इंटरव्ह्यूसाठी प्रोग्रॅमिंगचे तेच जुने शब्द घोकते: क्लास, ऑब्जेक्ट, इनहेरिटन्स, एन्कॅप्सुलेशन, पॉलिमॉर्फिझम, अॅबस्ट्रॅक्शन. इतकी वर्षं याच गोष्टींवर पोट भरलं. पण पोट भरणं वेगळं, आणि कुणी समोर बसून "म्हणजे काय?" असं विचारल्यावर सांगणं वेगळं. रोज पोळ्या लाटणाऱ्या बाईला पोळीची व्याख्या विचारून बघा.

समोरची खुर्ची रिकामी असते. एकदा तिच्या पाठीवर इस्त्रीचा शर्ट अडकवून बघितला, म्हणजे कुणी बसल्यासारखं वाटेल. शर्टाला इनहेरिटन्स समजावून सांगताना माझं मलाच हसू आलं आणि मग हसू आलं ते बरं वाटलं नाही. मी एकटीच राहते. नांदगावला वडिलांना, आप्पांना, फोन करते तेव्हा "सगळं छान" म्हणते. आप्पा "बरं हे" म्हणतात आणि ठेवतात.

दोन हजार दोन सालीसुद्धा अशीच एक खुर्ची होती. नाशिकला गंगापूर रोडच्या आतल्या गल्लीत एका बैठ्या बंगल्याच्या गच्चीवर एकच खोली बांधलेली होती. तिथं मी आणि वैशाली भाड्यानं राहायचो. वैशाली घोटीची. तिच्या डब्यातला भात असा वासाचा असायचा की मी माझी भाकरी बाजूला सारून तिच्या डब्यात हात घालायची. आम्ही दोघी एमसीए होऊन बाहेर पडलो आणि नेमकी त्याच सुमारास कंपन्यांनी दारं लावून घेतली. दात आले तेव्हा चणे संपले. कॉलेजात सर म्हणायचे, कॉम्प्युटरवाल्यांना मरण नाही. मरण नव्हतं हे खरं, पण नोकरीही नव्हती.

नाशिकची थंडी कोरडी असते. सकाळी गच्चीवरच्या टाकीतलं पाणी तोंडावर मारलं की दातांपर्यंत कळ जायची. दुपारी मात्र ऊन इतकं ऊबदार पडायचं की पुस्तक उघडलं की डोळा लागायचा. खालच्या अंगणात घरमालकीण सुमनकाकू तिखटाच्या मिरच्या वाळत घालायच्या, आणि त्या मिरच्यांचा तिखट वास वर येऊन पॉलिमॉर्फिझमच्या ऐन व्याख्येत आम्हाला शिंका यायच्या. अजूनही तो शब्द वाचला की माझं नाक हुळहुळतं.

संध्याकाळी आम्ही इंटरव्ह्यू इंटरव्ह्यू खेळायचो. एक लाकडी खुर्ची होती, ती साहेबाची. एक प्लॅस्टिकची, ती उमेदवाराची. वैशाली साहेब झाली की ओढणीचा टाय करायची आणि विचारायची, "क्लास आणि ऑब्जेक्ट यात फरक काय?" मी सांगायची, क्लास म्हणजे नुसता आराखडा, ऑब्जेक्ट म्हणजे त्यावरून बनलेली खरी वस्तू. "उदाहरण द्या." उदाहरण म्हणून सगळी दुनिया मोटारगाडी द्यायची. गाडी हा क्लास, दारातली लाल गाडी हा ऑब्जेक्ट. इंजिन आत झाकलेलं म्हणजे एन्कॅप्सुलेशन, आणि कसं चालतं ते न कळता नुसतं चालवणं म्हणजे अॅबस्ट्रॅक्शन. आमच्या दोघींच्याही घरी कधी गाडी नव्हती. तरी आम्ही जन्मभर गाडीतून फिरल्यासारख्या ती उदाहरणं द्यायचो.

वैशालीसमोर मला सगळं यायचं. जानेवारीत पुण्याच्या एका कंपनीचा इंटरव्ह्यू आला तेव्हा आम्ही दोघी एकाच एसटीनं गेलो. तिथं टेबलापलीकडे तीन अनोळखी माणसं बघितली आणि माझी दातखीळ बसली. व्याख्या डोळ्यांसमोर दिसत होती, अगदी पानाच्या कोणत्या कोपऱ्यात आहे तेही, पण तोंडातून येईना. त्यातले एक वयस्कर गृहस्थ न रागावता म्हणाले, "तुम्हाला येतंय असं वाटतं. पण तुम्ही बोलतच नाही." वैशालीला घेतलं.

तिची गादी मीच बांधली. रिक्षा गल्लीच्या वळणावर गेली आणि मी वर आले, तर खोली एकदम मोठी दिसायला लागली. वैशालीवर मी रागावले नव्हते. तिचा हेवा वाटला होता, तोही एखादा दिवसच. नंतर जे उरलं ते फार वाईट होतं. दिवसभर कुणाशी एक वाक्य बोलायला मिळायचं नाही. दूधवाल्याशी "अर्धा लिटर", वाण्याशी "सुट्टे नाहीत", एवढंच. आपला आवाज आपल्यालाच परका वाटायला लागतो हे मला तेव्हा कळलं.

आप्पांचा निरोप आलाच होता. गल्लीच्या कोपऱ्यावर एसटीडी बूथ होता. मी तिथून नांदगावला फोन लावला की आप्पा म्हणायचे, "लय झालं आता, सुवर्णा. द्राक्षं हायेत तोवर बघ. नाय जमलं तर ये घरी. इथल्या शाळेत कॉम्प्युटरला कोणीतरी लागतंच हे." आप्पा वाईट काहीच बोलत नव्हते. नांदगावच्या शाळेत वाईट काही नव्हतं. पण मला परत जायचं नव्हतं. का नव्हतं, हे मला त्यांना समजावून सांगता आलं नसतं, आणि तिथंसुद्धा घोडं बोलण्यापाशीच अडत होतं.

म्हणून मी मोठ्यानं बोलायला सुरुवात केली. लाकडी खुर्ची समोर ठेवायची, प्रश्न विचारायचा, मग प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून उत्तर द्यायचं. एका संध्याकाळी अशी ओव्हरलोडिंग आणि ओव्हररायडिंगमधला फरक सांगत होते, तर दार वाजलं. सुमनकाकू. साडीचा पदर खोचलेला, चेहऱ्यावर घरमालकिणीच्या आठ्या.

"कोण आलंय?" त्यांनी आत डोकावून विचारलं. "पाहुण्यांना वर आणायचं नाही, ठरलंय ना आपलं?"

"कोणी नाही, काकू."

"मग तू बोलत कुणाशी होतीस?"

मी खुर्चीकडे बोट दाखवलं. काकूंनी खुर्चीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि त्यांच्या आठ्या गेल्या. मग सगळं सांगावं लागलं. ऐकून त्या म्हणाल्या, "खुर्ची काय डोंबल ऐकणार? सरक." आणि साहेबाच्या खुर्चीत जाऊन बसल्या.

सुमनकाकू टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. त्या काळात बाहेरगावी बोलायचं तर ट्रंक कॉल लावावा लागायचा, आणि तो काकूंसारखी बाई जोडून द्यायची. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. काका गेले होते. एकुलता एक मुलगा मिलिंद अमेरिकेत होता, आमच्याच कामात. प्रश्नांचा कागद हातात घेताच काकूंचा आवाज बदलला. घरी मिरच्यांवरून भाजीवाल्याशी भांडणारा आवाज कुठल्या कुठे गेला आणि लोण्यासारखा मऊ, कडक इस्त्रीचा एक आवाज आला: "व्हॉट इज अ क्लास, प्लीज?"

ते प्लीज त्यांनी शेवटपर्यंत सोडलं नाही. कुठल्याही कंपनीत मला कुणी प्लीज लावून प्रश्न विचारला नाही.

मग रोजचंच झालं. द्राक्षांचा हंगाम भरात येत होता. काकू मण्यांनी भरलेलं स्टीलचं पातेलं वर घेऊन यायच्या, एक मणी तोंडात टाकायच्या आणि प्रश्न विचारायच्या. उत्तर इंग्रजीत दिलं की म्हणायच्या, "आता मराठीत. मला कळू दे तरी मी काय विचारतेय." मराठीत सांगायला गेलं की माझं पितळ उघडं पडायचं. इंग्रजीत व्याख्येच्या पांघरुणाखाली लपता येतं, मराठीत समोरचा माणूस लगेच "बरं, म्हणजे?" विचारतो. एकच हाक मारली तरी ज्याचा त्याचा प्रतिसाद वेगळा, म्हणजे पॉलिमॉर्फिझम, असं मी सांगितलं. काकू म्हणाल्या, "कशी आहेस म्हटलं की तू रडतेस, दूधवाला बिल दाखवतो, तसं?" मी म्हटलं, साधारण तसंच. इनहेरिटन्स म्हणजे वारसा, त्यावर मात्र त्यांनी बंगल्याचा विनोद केलाच. तो सगळेच करतात, म्हणून सोडून देते.

उत्तर बरोबर की चूक हे त्यांना कळत नव्हतं. त्या आवाजावर जायच्या. "हे तुला येत नाही. आवाज खाली गेला." नाहीतर, "हे येतंय. पुढचा." आणि नव्वद टक्के वेळा त्यांचं खरं निघायचं. मी विचारलं, हे कसं काय? म्हणाल्या, "अगं, लोकांचं बोलणं ऐकायची बंदी होती आम्हाला. फक्त लाईन लागली का एवढंच बघायचं. तिकडचा माणूस 'हॅलो' म्हणाला की मी कान काढून घ्यायची. पण त्या एका हॅलोवरून कळायचं, पेढे की रडारड."

एन्कॅप्सुलेशन त्यांना आवडलं नाही. मी सांगितलं की वस्तूची माहिती वस्तूच्या आत झाकलेली असते. बाहेरच्यानं थेट हात घालायचा नाही, ठरवून दिलेल्या दारातून विचारायचं, आणि ते दार जेवढं देईल तेवढं घ्यायचं. काकूंनी आणखी एक मणी तोंडात टाकला. मग म्हणाल्या, "आणि आत काही बिघडलं, आणि दार म्हणतंय सगळं ठीक, तर बाहेरच्यानं काय करायचं?"

"ते पुस्तकात नाहीये, काकू."

"मग पुस्तक अर्धवट आहे," असं म्हणून त्यांनी पुढचा प्रश्न घेतला.

त्या एवढं मन लावून का बसतात, हे हळूहळू कळलं. मिलिंदचा दर रविवारी सकाळी फोन यायचा. तब्येत, गोळ्या, थंडी, सगळं छान, ठेवतो. त्याला कामाचं विचारलं की म्हणायचा, "आई, तुला नाही कळणार ते." काकूंना ते लागलं होतं. अख्खी नोकरी त्यांनी हजारो लोकांना एकमेकांशी जोडून दिलं, आणि स्वतःच्या मुलाशी बोलायला त्यांच्याकडे गोळ्या आणि थंडी यापलीकडे विषय नव्हता. एक दिवस त्याला चकित करायचं असं त्यांच्या मनात होतं. पॉलिमॉर्फिझम हा शब्द त्या पोळ्या करताना म्हणून बघायच्या. मी खाली गेले की स्वयंपाकघरातून ऐकू यायचा.

त्या रविवारी त्यांनी मला मुद्दाम पोह्यांना बोलावलं. फोन आला. हातात मेथीची जुडी होती म्हणून काकूंनी स्पीकरचं बटण दाबलं. तब्येत झाली, गोळ्या झाल्या.

"आज तू नाही बोलायचं. आज मी तुझा इंटरव्ह्यू घेणार," काकू म्हणाल्या आणि माझ्याकडे बघून डोळे मिचकावले. मग घसा साफ करून एक्स्चेंजचा आवाज लावला. "व्हॉट इज एन्कॅप्सुलेशन, प्लीज?"

"हॅलो? हॅलो?" काकूंनी फोनवर टिचकी मारली. "लाईन गेली वाटतं."

"आई," तिकडून हळू आवाज आला. "तुला कोणी सांगितलं?"

"कोणी म्हणजे? ही सुवर्णा, वरची. तीच शिकवते मला."

"तिला कुठून कळलं?"

"अरे, ती तेच शिकलीय ना! असं काय करतोस?"

तो म्हणाला, "म्हणजे तुला माहीतच नाही." आणि एवढं तोंडातून गेल्यावर त्याला मागे फिरता येईना. "आई, माझी नोकरी गेली. दिवाळीच्या आधीच. दुसरी शोधतोय. रोज खोलीत बसून हेच प्रश्न वाचत असतो."

मी पोह्यांची बशी खाली ठेवली. काकूंच्या हातात मेथीची काडी तशीच राहिली. त्या रागावल्या नाहीत, रडल्या नाहीत. "जेवतोस ना नीट?" एवढंच आधी विचारलं, आणि रिसीव्हर उचलून कानाला लावला. मी बाहेर पायरीवर जाऊन बसले. गल्लीत कुणाच्या तरी टेम्पोतून द्राक्षांच्या पेट्या उतरत होत्या. मला त्या न पाहिलेल्या मिलिंदची खोली दिसत होती. तिथंही एक खुर्ची रिकामी असणार, असं सारखं मनात येत होतं.

बऱ्याच वेळानं आतून हाक आली, "सुवर्णा, तो कागद आण गं." मी आणला. काकूंनी चष्मा चढवला, खुर्ची ओढून फोनजवळ घेतली, ताठ बसल्या. आणि पहिल्यापासून सुरुवात केली. "व्हॉट इज अ क्लास, प्लीज?" तिकडे तो काय सांगत होता ते मला ऐकू येत नव्हतं. काकू मध्येच म्हणाल्या, "आवाज खाली गेला. परत सांग."

त्या दुपारी त्या वर आल्या नाहीत. मीच खाली गेले. त्या अंगणात मिरच्यांशेजारी बसल्या होत्या. म्हणाल्या, "परक्या माणसांच्या एका हॅलोवरून ओळखणारी मी. आणि पोटच्या पोराचं 'सगळं छान' ऐकून दर रविवारी फोन ठेवत होते. का, सांगू? मला ते ऐकायचंच होतं म्हणून." मग मिरच्या उलट्या करत स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "यापुढे कुणी 'सगळं छान' म्हणालं ना, की मी फोन ठेवणार नाही."

त्यानंतर दर रविवारी त्या त्याला विचारायच्या आणि बाकीचे दिवस मला. काकूंच्या तोंडून मला त्याची उत्तरं कळायची आणि त्याला माझी. अॅबस्ट्रॅक्ट क्लास म्हणजे ज्याची कधीच वस्तू बनवता येत नाही, ज्याच्यावरून दुसरे क्लास बनतात, याला त्यानं काय उदाहरण दिलं ते काकूंनी मला सांगितलं. त्यानं 'घर' असं उदाहरण दिलं होतं. नुसतं घर कुठं नसतं, असतो तो कुणाचा तरी बंगला, कुणाची तरी खोली. मला ते फार आवडलं. तो माणूस मी आजवर पाहिलेला नाही.

मार्च संपत आला तेव्हा पुण्याच्या एका छोट्या कंपनीनं बोलावलं. पुन्हा टेबल, पुन्हा अनोळखी माणसं. एकानं विचारलं, अॅबस्ट्रॅक्शन म्हणजे काय? मी क्षणभर प्लीजची वाट बघत थांबले. मग सांगायला लागले. पूर्वी एक्स्चेंजमध्ये एक बाई बसायची, माणूस फक्त गावाचं नाव आणि नंबर सांगायचा, आत किती तारा, किती खटपट ते त्याला बघावं लागायचं नाही. गाडीचं नावही काढलं नाही मी. बोलता बोलता माझ्या लक्षात आलं की माझा आवाज खाली गेलेला नाही. मला घेतलं. पुढे उन्हाळ्यात मिलिंदलाही तिकडेच कुठल्याशा लहान गावात काम लागलं.

मी निघाले त्या दिवशी काकूंनी मण्यांचा डबा भरून दिला. हंगाम संपत आलेला, मणी थोडे सुरकुतलेले. "साहेबाची खुर्ची खाली नेऊन ठेवते," त्या म्हणाल्या. "फोनजवळ लागेल." रिक्षातून मागे बघितलं तर त्या फाटकाशी उभ्या होत्या. वैशाली गेली तेव्हा मी जिथं उभी होते, तिथंच. घर त्यांना किती मोठं वाटलं असेल, याचा विचार मी नंतर फार वेळा केला. दिवाळीला फोन करत राहिले. गेल्या दिवाळीला राहून गेला.

आज सकाळी पुन्हा शर्टासमोर बसले. पॉलिमॉर्फिझमपर्यंत आले आणि माझा मलाच वीट आला. शर्ट काढून कपाटात ठेवला आणि नाशिकचा नंबर लावला. तो अजून पाठ आहे.

बराच वेळ वाजला. मग आवाज आला, आता थोडा कापरा, पण तोच. "हॅलो?"

"काकू, मी सुवर्णा."

"अगं! दिवाळीला कुठं होतीस? कशी आहेस?"

"छान," मी म्हटलं. "सगळं छान चाललंय."

लाईन गेली असं वाटून मी हॅलो म्हणणार, तेवढ्यात फरशीवरून लाकडी खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"नोकरी कधी गेली?" काकूंनी विचारलं.

मी सांगितलं. कंपनीचं, काचेच्या खोलीचं, आप्पांना सांगितलं नाही त्याचं. शर्टाचंसुद्धा सांगितलं. माझं संपल्यावर त्यांनी घसा साफ केला.

"कागद आता माझ्याकडे नाही," त्या म्हणाल्या. "पण पहिला आठवतोय. नीट बस. व्हॉट इज अ क्लास, प्लीज?"